नळीचा नकाशा आधी आपल्या हातात
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या वावरात ठिबक येते ते कागदावरून. आधी नकाशा, मग मंजुरी, मग नळ्या आणि शेवटी अनुदान. यातला नकाशा आपण बघतच नाही. विक्रेता म्हणतो, "इथं सही करा," आणि आपण करतो. वावर आपले, विहीर आपली, पदरचा पैसाही आपला. मग नकाशा दुसऱ्याच्या फायलीत का?

'प्रति थेंब अधिक पीक' योजनेच्या केंद्रीय सूचनांत अल्प व अत्यल्प भूधारकाला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. हे टक्के ठरवून दिलेल्या खर्चावर मोजतात आणि तो खर्च ठरतो दोन नळ्यांमधल्या अंतरावर. आता हिशेब करा. एकर म्हणजे ढोबळ 4000 चौरस मीटर. नळ्या 1.2 मीटरवर टाकल्या तर 3,333 मीटर नळी लागते, 1.5 मीटरवर टाकल्या तर 2,667. कागदावर 1.2 आणि वावरात 1.5 झाले, तर एकरी सुमारे 650 मीटर नळी कुठे गेली, हे विचारणार कोण? ज्याच्या हातात नकाशा आहे तोच.

नकाशावर प्रत्येक नळी काढत नाहीत. शहरातल्या बागेचा नकाशा असो की आपल्या पऱ्हाटीचा, चार-दोन रेघा काढून बाकीचा भाग तसाच सोडतात. त्याला आमची हरकत नाही. पण शेजारी नळीची जाडी, दोन नळ्यांतले अंतर, दोन ड्रिपरमधले अंतर आणि ड्रिपरचे ताशी लिटर हे चार आकडे हवेतच. आकड्यावाचून रेघ म्हणजे नुसती रांगोळी.

त्याशिवाय चार गोष्टी बघा.

पहिली, उतार. उताराची दिशा बाणाने दाखवलेली हवी. सबमेन उताराच्या दिशेने आणि नळ्या उताराला आडव्या, असे साधारण असावे. दर मीटर उताराला सुमारे 0.1 किलो दाब वाढतो. नळ्या उभ्या उतारावर लांबच लांब टाकल्या तर खालची पऱ्हाटी पाण्यात आणि वरची तहानलेली.

दुसरी, पाणी. 1.5 मीटरवर नळी, 60 सेंटिमीटरवर ताशी 4 लिटरचा ड्रिपर, म्हणजे एकरी सुमारे 4,400 ड्रिपर आणि तासाला जवळपास 18,000 लिटर पाणी. सेकंदाला 5 लिटर. उन्हाळ्याच्या तोंडाला 200 लिटरचा ड्रम मोटरीखाली ठेवा. 40 सेकंदांत भरला तर एकर एकदम भिजेल. 80 सेकंद लागले तर नकाशावर दोन व्हॉल्व्ह आणि दोन पाळ्या हव्यात.

तिसरी, फेरपालट. पाच फुटांवरची नळी कपाशीला चालते. पुढे दीड फुटाच्या ओळीत ज्वारी पेरली तर एका नळीमागे तीन ओळी येतात. काळ्या जमिनीत ओल बाजूला पसरते. मुरमाड रानात नळीपासून लांबची ओळ कोरडी राहते. म्हणून दोन्ही पिके सांगूनच अंतर ठरवून घ्या.

चौथी, गाळणी आणि शेवटची टोके. शेततळ्यात शेवाळ असते, तिथे वाळूची गाळणी दाखवलेली हवी. सबमेनच्या शेवटी गाळ काढायचा फ्लश व्हॉल्व्ह हवा.

नळ्या बसल्या की पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली तीन-तीन मिनिटे वाटी धरा. ताशी 4 लिटरचा ड्रिपर 200 मिलिलिटर देतो. शेवटचा 180 च्या खाली गेला तर सही थांबवा.

आणि पुरलेला पाइप बुजवण्याआधी विहिरीच्या काठापासून आणि बांधाच्या खुणेपासून त्याची मापे घेऊन त्याच नकाशावर लिहा. उद्या नांगराचा फाळ लागला किंवा पोराच्या हाती वावर गेले, तर पाइप कुठे आहे ते हा कागदच सांगेल.

आमचे मागणे मोठे नाही. गावातल्या चौघांनी मिळून मोजपट्टी घ्यावी, एकमेकांचे नकाशे वावरात नेऊन ताडून पाहावेत, आणि नकाशाची प्रत सातबाऱ्याशेजारी ठेवावी. प्रत मिळाल्याशिवाय सही नाही, एवढे आज इथून ठरवून जाऊ या.