कासवाच्या पाठीचा घाव

कासवाची पाठ म्हटली कीं ढाल आठवते. आणि ढालीला तडा गेला तर तिला थोडेंच दुखतें, असा समज सहज होतो. वस्तुतः ही पाठ जिवंत हाडाची आहे. बरगड्या व कण्याचे मणके तिच्याशीं एकजीव झालेले असतात. तिच्यांत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतूहि आहेत. निर्जीव काय तें वरचें शिंगासारखें आवरण. फुप्फुसें तर पाठीच्या अगदीं खालींच! म्हणून भेगेंतून श्वासाबरोबर बुडबुडे निघूं लागले, तर प्रसंग बांका समजावा.

मऊ पाठीच्या कासवांना हें शिंगी आवरणहि नसतें, नुसती कातडी. त्यांपैकीं लीथ या डॉक्टराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जातीचें वर्णन १८७२ सालीं ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें केलें, तें पुण्याच्या नमुन्यावरून. आज ती जात नामशेष होण्याच्या पंथाला लागली आहे.

मोटारीखालीं सांपडलेलें किंवा कुत्र्यांनीं फोडलेलें कासव दिसलें, कीं दयाळू माणूस त्याला प्रथम पाण्याच्या घंगाळांत सोडतो. पाण्याचेंच जनावर तें! पण याच दयेनें तें दगावतें. अशक्त कासव बुडून मरतें, आणि गढूळ पाणी जखमेंत शिरून पू धरतो. वरवरची घाण उकळून निवविलेल्या पाण्यानें पुसावी, खोल भेगेंत मात्र धार सोडूं नये. स्वच्छ कापड झांकून खोक्यांत निवांत ठेवावें, खाऊं घालूं नये, आणि तांतडीनें १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवावें. नदींतलीं हीं कासवें घरीं पाळणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे. हालचाल थांबली म्हणून मेलें असेंहि ठरवूं नये. त्याचें हृदय फार मंद चालतें.

पशुवैद्य क्ष-किरणांनीं तपासून वेदनाशामक व जंतुनाशक औषधें देतात, रोज जखम धुतात, आणि सरकलेले तुकडे स्क्रू व तारेनें जुळवितात. पूर्वीं भेग राळेसारख्या द्रव्यानें लगेच बुजवीत. आंत जंतू कोंडले जात, म्हणून ती घाई आतां टाळतात. पुष्कळ दिवस रुग्णाला कोरडें ठेवून पाणी पिण्यापुरतेंच उथळ पाण्यांत बसवितात. मऊ पाठीच्या कासवाची कातडी मात्र सुकूं देतां येत नाहीं. तेथें वैद्याची खरी कसोटी.

हाड सांधावयास महिनेच्या महिने लागतात, कधीं वर्षहि उलटतें. मग तें ज्या पाणवठ्यावर सांपडलें, तेथेंच नेऊन सोडावयाचें. दुकानांतून आणलेलें तांबड्या कानाचें अमेरिकन कासव मात्र बरें झालें तरी मुठेंत सोडूं नये. तें येथल्या कासवांच्या तोंडचा घांस हिरावतें.