भाषाविज्ञानाच्या अध्यापकाची निवड



निवड समितीच्या बंद दाराआड जे घडते त्याविषयी बाहेर बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. तरीही मी बोलणार आहे, कारण भाषाविज्ञानाचे विभाग देशात मोजके आहेत आणि बहुतेक लहान आहेत. चार-पाच अध्यापकांच्या विभागात एक निवड चुकली तर विद्यार्थ्यांना ती तीस वर्षे भोगावी लागते.

१९२२ साली कलकत्ता विद्यापीठाने भारतीय भाषाविज्ञान व ध्वनिशास्त्र या विषयांच्या खैरा अध्यासनावर सुनीतिकुमार चटर्जी यांची नेमणूक केली. सर आशुतोष मुखर्जी तेव्हा कुलगुरू होते. चटर्जींनी नुकतीच तिशी ओलांडली होती. लंडनची डॉक्टरेट त्यांच्याजवळ होती. पॅरिसमध्ये ते ज्यूल ब्लॉक यांच्यापाशी शिकले होते. मराठी भाषेच्या घडणीवर ग्रंथ लिहिणारे ते हेच ब्लॉक. परंतु बंगाली भाषेच्या उद्गम-विकासावरील ज्या ग्रंथाने चटर्जींचे नाव जगभर झाले, तो १९२६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नेमणूक आधी झाली आणि ग्रंथ मागाहून आला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत उमेदवारांच्या चाळणीसाठी गुणांचे कोष्टक आहे. डॉक्टरेटला ३० गुण. प्रत्येक शोधनिबंधाला २, आणि निबंध कितीही असले तरी त्यांचे कमाल १०. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला या कोष्टकात बसवणे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. शिवाय कोष्टक केवळ चाळणीपुरते आहे. अखेरची निवड मुलाखतीवरच व्हावी असे तेच नियम सांगतात. मग सारा भार त्या वीस मिनिटांवर येतो.

पण मुलाखतीच्या खोलीपर्यंत कोण पोहोचतो, हेही पाहिले पाहिजे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाने आरक्षणासाठी विभाग हा एकक ठरला होता. बिंदुनामावलीत चौथी जागा इतर मागासवर्गीयांची, सातवी अनुसूचित जातींची, चौदावी अनुसूचित जमातींची असते. ज्या विभागात एका श्रेणीच्या तीनच जागा, तेथे ही पाळी कधी यायची? केंद्रीय संस्थांसाठी २०१९ च्या कायद्याने पुन्हा संपूर्ण संस्था हाच एकक मानला. भाषाविज्ञानाला याचे महत्त्व इतर विषयांपेक्षा अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा मोजल्या गेल्या. त्यांतील कित्येकींचे भाषक आजवर आपल्या विभागांत माहिती पुरवणारे म्हणूनच आले, अध्यापक म्हणून नव्हे.

आता एका निवडीची हकीकत सांगतो. विद्यापीठाचे नाव सांगण्याचे कारण नाही. समितीतील एका सदस्याची मातृभाषा संथाळी होती. त्यांनी उमेदवारांपुढे दोन शब्द उच्चारले : ‘दाक्’ म्हणजे पाणी, ‘दाका’ म्हणजे भात. पहिल्या उमेदवाराने स्वनिमाची व्याख्या अस्खलित सांगितली आणि तीन परदेशी पंडितांची मते मांडली. दुसरा म्हणाला, “कृपया पुन्हा म्हणा.” चार वेळा त्याने ऐकले. मग म्हणाला की पहिल्या शब्दाच्या शेवटी श्वास आतच अडतो, व्यंजन मोकळे होत नाही. आणि त्यापुढे स्वर आला तर काय होते हे त्याला ऐकायचे होते. ते सदस्य हसले आणि त्यांनी ऐकवले. यात त्याची सारी वेळ संपली. त्याचे निबंध दोन होते, पहिल्याचे अकरा. पहिला निवडला गेला. मीही त्याच बाजूने हात वर केला आणि वेगळे मत नोंदविले नाही.

तेव्हापासून प्रत्येक समितीत माझा एकच आग्रह असतो. उमेदवाराला वर्गात शिकवायला लावण्याची मुभा नियमांतच आहे. तिचा उपयोग करावा. फळा, खडू, सहा विद्यार्थी आणि उमेदवाराला न येणारी भाषा बोलणारा एक माणूस, एवढेच पुरे. वेळ अर्धा तास. समितीने मागच्या बाकावर बसावे व मध्ये बोलू नये. हा भाग सर्वांत कठीण जातो. भाषक शोधायला दूर जावे लागत नाही, बहुधा वसतिगृहातच कोणीतरी भेटतो. त्याला मात्र मानधन द्यावे, आणि ते आधीच्या पत्रात लिहावे.