नोंद आधी, दाखला नंतर

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय रुक्ष आहे : जन्माचा दाखला. सुरुवातीला एकच विचारतो. ज्यांच्या अब्बांची किंवा अम्मीची जन्मतारीख कागदावर १ जून आहे, त्यांनी हात वर करा.

बघा किती हात वर आले. तुम्ही हसताय, कारण एवढी माणसं एकाच तारखेला जन्मली नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाकडे बघून अंदाजाने वर्ष धरलं आणि पुढे जूनची एक तारीख लिहून टाकली. हे आपल्याच मोहल्ल्यात झालं असं नाही. मराठा, दलित, धनगर, भटके, सगळ्यांच्या घरात असे १ जूनवाले सापडतील. आजवर सगळ्यांचं चालून गेलं. इथून पुढे चालणार नाही.

का चालणार नाही, ते आधी सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. २०२३ मध्ये संसदेने त्यात मोठी दुरुस्ती केली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालेल. तुमच्यापैकी काहींची लग्नं झाली आहेत, काहींची होतील. तुमच्या मुलांना शाळेच्या दाखल्यावर वेळ मारून नेता येणार नाही.

आता तुमचं स्वतःचं. नागरिकत्वाच्या कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती साधारणपणे जन्मानेच नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून पुढे आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली : एक जण भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. या हॉलमधले बहुतेक जण १९८७ नंतरचे आहेत. म्हणजे तुमच्या दाखल्याइतकेच तुमच्या आईवडिलांचे कागदही महत्त्वाचे. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला जी अंतिम यादी लागली, तिच्याबाहेर १९ लाखांहून अधिक माणसं राहिली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आदिवासी होते. स्पेलिंगमधल्या फरकाने कितीतरी जण अडकले. भीती घालायला हे सांगत नाही. घाबरलेला माणूस दलालाकडे जातो. आपण कार्यालयात जायचं आहे.

कार्यालयात जाण्याआधी एक फरक पक्का करून घ्या. नोंद वेगळी आणि दाखला वेगळा. नोंद म्हणजे निबंधकाच्या रजिस्टरमधली ओळ. दाखला म्हणजे त्या ओळीचा सही-शिक्क्याचा उतारा. ओळ नसेल तर कोणताही साहेब तुम्हाला दाखला देऊ शकत नाही, आणि ओळ असेल तर तो नाकारू शकत नाही. आपली मुलं खिडकीवर जाऊन म्हणतात, 'साहेब, दाखला द्या ना.' म्हणायचं असं : 'अमुक वर्षाची नोंद शोधून उतारा द्या.' कायद्याच्या कलम १७ ने शोध घ्यायला लावण्याचा आणि उतारा मिळवण्याचा हक्क दिलेला आहे. विनवणीची गरज नाही, अर्जाची आहे.

हेही ध्यानात ठेवा. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड म्हणजे जन्मदाखला नव्हे. वकिलाने शिक्का मारलेली झेरॉक्स म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. आधार कार्ड ओळखीसाठी आहे, जन्मतारखेचा किंवा नागरिकत्वाचा पुरावा म्हणून ते दिलेलंच नाही. आणि जन्मदाखल्यावर धर्माचा रकाना नसतो. नाव, लिंग, तारीख, ठिकाण, आई, वडील, पत्ता, नोंदणी क्रमांक, एवढंच. कोण, कुठे, कधी, कुणाच्या पोटी. राज्याशी आपलं पहिलं नातं त्या ओळीत आहे आणि ते इतर सगळ्यांइतकंच साधं आहे.

आता नोंद कुठे शोधायची? इथे निम्मे लोक चुकतात. नोंद राहत्या गावी होत नाही, जिथे जन्म झाला तिथे होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे घरातल्या थोरल्याची नोंद अब्बांच्या गावात सापडत नाही, ती नानीच्या गावात असते. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल तर तिथल्या नगरपालिकेत असते. गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका, मुंबईत त्या त्या वॉर्डाचं कार्यालय. वर्ष नक्की माहीत नसेल तर अंदाजाच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन वर्षं शोधायला सांगा. प्रत्येक वर्षाच्या शोधाची ठरलेली फी असते. ती भरा आणि पावती घ्या.

१९७० च्या आधीच्या नोंदी बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत. गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. त्यात बाळाचं नाव सहसा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख असते. बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी अशा ओबीसी समाजांतल्या मुलांनी हे खास ऐकावं. जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या भावंडांची कोतवाल बुकातली नोंद तिथे उपयोगी पडते. जुने कागद कुठे मोडीत आहेत, तर निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात उर्दूत. तुमच्यापैकी ज्यांना उर्दू वाचता येतं, त्यांनी गावातल्या इतर समाजांनाही ते कागद वाचून द्यावेत. ही आपल्या हातातली सेवा आहे.

शोध घेतल्यावर तीनपैकी एक गोष्ट निघेल.

पहिली, नोंद आहे आणि बरोबर आहे. मग दोन-तीन प्रती घ्या. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, पुढे कुठे पडताळणीला दिली तर अडचण येते. साध्या फाईलमध्ये ठेवा.

दुसरी, नोंद आहे पण चूक आहे. आपल्याकडे हे फार. शेखचं शेक होतं, इंग्रजीत एकाच घरातल्या तिघांची तीन स्पेलिंगं होतात. मोहम्मदचं कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत. अम्मीच्या नावापुढे एकीकडे बी, दुसरीकडे बानो, तिसरीकडे काहीच नाही. कलम १५ प्रमाणे ही दुरुस्ती होते. मूळ ओळ खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतो. चूक मोठी असेल तर माहीतगार अशा दोन विश्वासू माणसांची लेखी निवेदनं लागतात. नावाची जागाच कोरी असेल, तर एक वर्षापर्यंत फी न भरता आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. त्यानंतरच्यांसाठी शासनाने वेळोवेळी मुदत वाढवून दिली आहे, ती चालू आहे का ते कार्यालयात विचारा.

तिसरी, नोंदच नाही. तर आधी 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र लेखी घ्या. त्याचा नमुना क्रमांक १० आहे. तोंडी 'नाही सापडत, जा' यावर परत येऊ नका, कारण पुढचा सगळा रस्ता त्या कागदावरून जातो. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला आहे.

इथे थोडं थांबून बोलतो, कारण मामला नाजूक आहे. जानेवारी २०२५ मध्ये मालेगावच्या उशिराच्या दाखल्यांवरून वादळ उठलं. विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि राज्यभर अशा नोंदींचं काम थांबवलं गेलं. मार्च २०२५ मध्ये सरकारने नवी, कडक कार्यपद्धती आणली. नायब तहसीलदारांना अधिकार नसताना त्यांनी दिलेले आदेश रद्द करायला सांगितलं. ज्यांची इथे पिढ्यान्‌पिढ्या हाडं रुजली आहेत, त्यांच्याकडेही संशयाने बघितलं गेलं. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोललंच पाहिजे. पण आपल्यापुरता एक धडाही घेऊ. सही कुणाची आहे, त्याला अधिकार आहे का, जोडलेला प्रत्येक कागद खरा आहे का, हे अर्जदारानेच बघायचं. दलाल दोन हजारात चार दिवसांत दाखला आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. त्याने जोडलेल्या एका खोट्या शाळेच्या दाखल्यामुळे गुन्हा तुमच्या अम्मीवर दाखल होईल, त्याच्यावर नाही. शिवाय त्या एका कागदाकडे बोट दाखवून शंभर खऱ्या माणसांना अडवलं जाईल. आपली बाजू खरी असताना खोट्या कागदाची मदत कशाला?

अडवणूक झाली तर काय? अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि किती रुपयांत, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. निबंधकाचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील आहे. आणि एक गोष्ट : कारकून दरवेळी आडमुठाच असतो असं धरून चालू नका. ग्रामपंचायतीत एका माणसाच्या गळ्यात दहा कामं असतात. वर्ष, बापाचं नाव, दाईचं किंवा दवाखान्याचं नाव लिहून नेलं तर तोही मन लावून शोधतो.

नव्या बाळांबाबत तर सगळं आपल्याच हातात आहे. सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठरतं. कायद्याची मुदत २१ दिवसांची. म्हणजे नाव ठरल्यावरही चौदा दिवस उरतात. दवाखाना माहिती पाठवतो तेव्हा फॉर्मवरचं नाव, आईचं नाव, स्पेलिंग स्वतः वाचून बघा. 'गुड्डू', 'मुन्नी' असलं काही लिहू देऊ नका. नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखला मोफत द्यायचा, असं कायदाच सांगतो.

शेवटी काम देतो. या आठवड्यात एक वही घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मगाव, अंदाजे वर्ष आणि नोंद कुठे असेल ते कार्यालय लिहा. सुरुवात घरातल्या सर्वात वयस्कर बाईपासून करा. पुरुषांच्या नावावर सातबारा असतो, शाळेचा दाखला असतो, नोकरीचा कागद असतो. नानी-दादीजवळ यातलं बहुधा काहीच नसतं. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. कागद मागण्याची वेळ येते तेव्हा तीच पहिली अडकते आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं. तिच्याशेजारी बसा, ती कुठल्या गावात, कुणाच्या घरी, कुठल्या सालच्या पावसाळ्यात जन्मली ते विचारा. सांगेल ते सगळं लिहून घ्या. घरचं झालं की गल्लीतलं घ्या, आणि गल्ली संपली की शेजारच्या वस्तीतल्या ऊसतोड्या, पारधी, वडार कुटुंबांचंही. ज्याची नोंद नाही तो आपला.