चित्रफितीतील मंद व शीघ्र गती

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. अनेक नागरिकांनी ती दृश्ये भ्रमणध्वनीवर टिपली. अशी दृश्ये पुढे बातमीत जातात, शासकीय माहितीपटात जातात, आणि कधी कधी अभियंत्याच्या टेबलावरही पोचतात. तेव्हा विचारावयाचा प्रश्न एकच : पडद्यावर दिसणारा वेग पाण्याचा आहे की संकलकाचा?

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला २५ चौकटींचे असते. काठावरच्या दोन खांबांमधील २० मीटर अंतर वाहत्या ओंडक्याने २५० चौकटींत कापले, तर त्यास १० सेकंद लागले. म्हणजे प्रवाहाचा वेग सेकंदाला २ मीटर. हीच फीत दुप्पट गतीने चालविली की तो ४ मीटर भासतो. उलट कॅमेऱ्याने सेकंदाला ५० चौकटी टिपल्या असतील आणि त्या सगळ्या २५ च्या मापाने लावल्या, तर वेग १ मीटरवर येतो. त्यात कोणाचा वाईट हेतू असेलच असे नाही. चौकटींची नोंद न पाहणे एवढेच त्यास पुरते.

मराठी माणसाला ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून आल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. भांडवल देणाऱ्याची खात्री त्या लघुपटाने पटली. आजही शेतकऱ्यांसाठी कपाशीचे बोंड फुटताना दाखवावयाचे असेल, तर हाच मार्ग. दर ५ मिनिटांस एक चौकट घेतली, तर ३ दिवसांत ८६४ चौकटी होतात. पडद्यावर सुमारे ३५ सेकंद. कॅमेरा जागचा हलता कामा नये आणि कृत्रिम प्रकाश रात्रंदिवस सारखा असावा, नाहीतर बोंडापेक्षा उजेड-अंधाराचा लपंडावच डोळ्यांत भरतो.

मंद गतीचे काम अधिक नाजूक. ते संकलनाच्या टेबलावर नव्हे, चित्रीकरणाच्या वेळीच ठरवावे लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या नागपूरच्या मारबतीची मिरवणूक २५ चौकटींनी टिपली आणि मग निम्म्या गतीने दाखविली, तर नव्या चौकटी येणार कोठून? यंत्र प्रत्येक चौकट दोनदा दाखविते आणि चाल अडखळते. किंवा दोन चौकटींच्या मधली प्रतिमा कल्पनेने रचते, आणि मग ढोल वाजविणाऱ्याची बोटे एकमेकांत विरघळल्यासारखी दिसतात. ५० किंवा १०० चौकटींनी टिपले असता ही अडचण उरत नाही. ध्वनीही तितकाच खोल जातो : निम्म्या गतीला स्वर एक सप्तक उतरतो, ढोलाचा घुमारा होतो. तेव्हा मूळ ध्वनी वेगळा ठेवणे बरे. आपली वीज ५० आवर्तनांची असल्याने ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. सभागृहात १२० चौकटींनी टिपलेले चित्र म्हणूनच लुकलुकते.

मंद गती पाहणाऱ्याच्या मनावरही परिणाम करते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, हिंसक कृत्य मंद गतीत पाहणाऱ्यांना ते अधिक हेतुपुरस्सर वाटते; करणाऱ्यास विचार करावयास वेळ होता असा भास होतो. ग्रामसभेतील धक्काबुक्कीची फीत चौकशीसमोर ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावयास हवे. तेथे दृश्य प्रथम मूळ गतीने दाखवावे, मंद आवृत्ती मागाहून, आणि गती किती टक्के कमी केली ते पडद्यावरच लिहावे. बोंडाच्या चित्रपटाला अशा पाटीची फारशी गरज नाही. बोंड अर्ध्या मिनिटात फुटत नाही, हे प्रेक्षक जाणतो. पुराचा खरा वेग मात्र त्याला ठाऊक नसतो.

म्हणून पूर, अपघात वा तंटा यांची मूळ फीत न कापता, न बदलता वेगळी जतन करावी. तिच्यासोबत तारीख, वेळ, स्थळ आणि सेकंदाला किती चौकटी टिपल्या त्याची नोंद असावी. भ्रमणध्वनीवर हा आकडा चित्रीकरण चालू असतानाही कमीअधिक होऊ शकतो. त्यामुळे केवळ चौकटी मोजून भागत नाही. फितीत नोंदलेली वेळही ताडून पाहावी लागते.