मार्चअखेर आणि पासबुके
(मंडळात दिलेल्या व्याख्यानावरून)



मार्च उजाडला की आम्ही नोकरदार मंडळी करबचतीच्या पावत्या शोधू लागतो. 2023-24 पासून नवी करप्रणालीच मूळ धरली जाते. तीत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या भरण्यावर वजावट नाही. म्हणून बचतच थांबवावी काय? मुळीच नव्हे. खाते चालू राहण्यासाठी वर्षाचे किमान 500 रुपये 31 मार्चपूर्वी भरावेतच. पुढील वर्षाची मोठी रक्कम मात्र 5 एप्रिलपर्यंत भरावी. व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजतात, हे आमच्या लेखाशाखेतल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते!

याहून निकडीची गोष्ट निराळीच आहे. बदल्यांपायी आमची पासबुके नागपूर, भोपाळ, कानपूर अशी विखुरलेली. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर नामनिर्देशन आईचे; ती माउली आज हयात नाही, आणि असे खाते आहे याचा पत्नीला पत्ताच नाही. उद्या परप्रांतातील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्याची पाळी तिच्यावरच येणार. तेव्हा याच महिन्यातील एका रविवारी उभयतांनी बसून खाती, विमापत्रे व नामनिर्देशने एका वहीत उतरवावीत. वही कुलपात ठेवायचीच असेल, तर किल्ली कोठे असते ते गृहिणीस सांगून ठेवावे.