फळी वाळू द्या

फणसाच्या फळीची कड झाडाच्या मूळ वळणाचीच ठेवून आमच्या गटाने पहिलं बाकडं केलं. घाई नडली. लाकूड ओलं होतं. दोन महिन्यांत बाकडं पिळलं, मधोमध फाटलं. गिऱ्हाइकाने परत आणलं, पैसे द्यावे लागले आणि कर्जाचा हप्ता आम्ही बचतीतून भरला.

आता फळ्या सावलीत, वारा लागेल अशा रचतो. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या, टोकांना रंग, कारण ओल टोकांतून लवकर उडते आणि तडे जातात. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरायचं. साल मात्र काढाच, तिच्याखाली किडा लपतो. काही गिऱ्हाइकांना सालीसकट हवं असतं. आम्ही नाही म्हणतो!

सध्या सहा फळ्या वाळतायत. त्यातली एक दर बैठकीला वजनकाट्यावर चढते. वजन उतरायचं थांबलं, की रंधा लावू.