पांढरी सहा नेमकी कुठे?

बाखचा पाचवा ब्रँडेनबर्ग कन्चेर्टो डी मेजरमध्ये आहे. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर षड्ज पांढरी दोन. आता घरात पेटी असेल, तर या रचनेची दोन ध्वनिमुद्रणं मिळवा आणि शेजारी पेटी घेऊन बसा. नेहमीच्या आधुनिक वाद्यवृंदाचं मुद्रण पांढरी दोनशी जुळेल. पण 'जुन्या वाद्यांवर वाजवलेलं' असं लिहिलेलं मुद्रण लावलंत, तर ते बहुधा काळी एकवर उतरलेलं सापडेल. कागदावरचे स्वर तेच, रचना तीच, आणि पट्टी मात्र एक घर खाली.

यात वाजवणाऱ्यांची काही चूक नाही. वाद्यवृंद सुरू होण्याआधी ओबोवाला एक सूर देतो आणि सगळे त्याला मिळवून घेतात, हे आपण पाहिलेलं असतं. तो सूर म्हणजे ए, आपली पांढरी सहा. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं की या सुराची सेकंदाला ४४० आंदोलनं असावीत. १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्यावर शिक्का मारला. म्हणजे बाख वारल्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. बाखच्या काळी असा एक सूर नव्हताच. गावोगावी सूर वेगळा, आणि एकाच गावात चर्चचा वेगळा, दिवाणखान्याचा वेगळा.

लाइपझिगचं उदाहरण मला फार आवडतं. बाख तिथे १७२३ मध्ये रुजू झाला. चर्चमधला ऑर्गन उंच सुरात लावलेला होता, त्याला कोअरटोन म्हणत. व्हायोलिन, ओबो, बासऱ्या कामरटोनमध्ये, म्हणजे ऑर्गनपेक्षा एक पूर्ण स्वर खाली. दोघांनी एकत्र वाजवायचं कसं? ऑर्गनच्या नळ्या काही कापता-जोडता येत नाहीत. म्हणून बाखच्या कॅन्टाटांमध्ये ऑर्गनवाल्याचा कागद एक स्वर खाली उतरवून लिहिलेला सापडतो. बाकीचे एका पट्टीत वाचतात, ऑर्गनवाला दुसऱ्या, आणि ऐकणाऱ्याला सगळं एका सुरात ऐकू येतं. आपल्याकडच्या साथीदारांना यात नवल वाटणार नाही. गायिकेची पट्टी एक आणि गायकाची दुसरी, हे ते रोज सांभाळतात.

मग आजचे जुनी वाद्यं वाजवणारे ४१५ हा आकडा कुठून आणतात? ४४० वरून बरोबर एक घर खाली उतरलं की ४१५ येतं, काळी चार. आणखी एक घर खाली ३९२, तो फ्रेंच बरोक संगीतासाठी वापरतात. एक घर वर ४६६, तो उंच ऑर्गनसाठी. हे आकडे इतके सोयीचे कसे, असा संशय यायला हवा. जुन्या बासऱ्या आणि ऑर्गन मोजले तर वेगवेगळे सूर निघतात, ते असे पट्टीत बसत नाहीत. हॅन्डेलचा म्हणून सांभाळलेला एक नादकाटा आहे, तो ४२२ च्या आसपास वाजतो. पण आज हार्पसिकॉर्ड असे बनवतात की सगळा पट्ट्यांचा संच एक घर सरकवता यावा. आज ४१५, उद्या ४४०. म्हणजे 'अस्सल जुना सूर' म्हणून आपण जो ऐकतो, तो विसाव्या शतकाने सोयीसाठी केलेला समझोता आहे. मला त्यात गैर काही वाटत नाही. तबकडीच्या वेष्टनावर 'अस्सल' हा शब्द मोठ्या टायपात छापत, ते मात्र खटकतं.

एकोणिसाव्या शतकात सूर वर चढत गेला. वर चढवला की वाद्यवृंद चमकदार वाटतो, म्हणून प्रत्येकाला शेजारच्या गावापेक्षा थोडं वर जायचं असतं. भोगायचं गायकांनी. शेवटी १८५९ मध्ये फ्रान्सने कायदाच करून ४३५ हा सूर ठरवून दिला. त्या समितीत रोसिनी आणि बेर्लिओझ होते. १८८४ मध्ये वेर्दीने ४३२ च्या बाजूने कौल दिला. आज युरोपातले कित्येक वाद्यवृंद ४४२-४४३ वर आहेत. गळा मात्र माणसाचा तोच आहे.

पण पट्टी ही अर्धीच गोष्ट. स्वरांमधली अंतरं हा त्याहून नाजूक मामला. तानपुरा चांगला जुळला की त्यातून गंधार आपोआप बोलू लागतो. तो निसर्गाचा गंधार. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा चढा असतो. एका घराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भाग. पेटीवर सगळ्या पट्ट्या सारख्याच चालाव्यात म्हणून बारा घरं समान केली, त्याची ही किंमत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि पुढे क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी तयार झाली, ती याच दुखण्यावर. १९४० मध्ये रेडिओने पेटीला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला तीस वर्षं गेली.

युरोपात हेच दुखणं आधी होऊन गेलं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकात हार्पसिकॉर्ड असे लावत की बहुतेक गंधार शुद्ध यावेत. मग सगळा तोटा एका पंचमाच्या वाट्याला जाई आणि तो इतका बेसूर होई की त्याचं नावच पडलं 'लांडगा', कारण तो भुंकतो. पुढे हा लांडगा थोडा थोडा सगळ्यांत वाटून टाकायच्या युक्त्या निघाल्या. बाखच्या १७२२ च्या 'वेल टेम्पर्ड क्लाविअर' या नावाचा अर्थ 'समान लावलेला' असाच आहे, असं म्हणता येत नाही. 'नीट लावलेला' इतकंच. अशा लावणीत सी मेजर शांत वाटतो, एफ शार्प मेजर टोचतो. म्हणजे प्रत्येक पट्टीला आपला स्वभाव असतो. त्या हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर वेलबुट्टीसारखे फाटे आहेत. २००५ मध्ये ब्रॅडली लेहमन या अमेरिकन वादकाने मांडलं की ती बाखने दिलेली लावणीची कृती आहे. त्यावर वाद झाला, आणि त्या लावणीत ध्वनिमुद्रणंही झाली!

आणि आवाज? व्हायोलिनला पोलादी तारेऐवजी तात लावली, आपल्या सारंगीला लावतात तशी, की आवाज लहान होतो, पण त्याला धार आणि थोडी खरखर येते. हवेतल्या ओलाव्याने तिचा सूर हलतो, म्हणून मुद्रणात दर थोड्या वेळाने थांबून जुळवावं लागतं. हे थांबणं तबकडीत आपल्याला ऐकू येत नाही. निकोलाउस हार्नोनकूरने १९५३ मध्ये व्हिएन्नात जुन्या वाद्यांचा संच उभा केला. त्याने आणि गुस्ताव लेओनहार्टने १९७१ पासून बाखचे कॅन्टाटा मुद्रित करायला घेतले, ते काम जवळजवळ वीस वर्षं चाललं. त्याआधी वांडा लांडोव्स्काने १९३३ मध्ये 'गोल्डबर्ग' मुद्रित केलं, ते लोखंडी चौकटीच्या भरभक्कम प्लेयेल हार्पसिकॉर्डवर. बाखला ते वाद्य ओळखू आलं नसतं. तरी मी ती मुद्रिका कुणाला देणार नाही.

रिचर्ड टारस्किन या अमेरिकन अभ्यासकाने यावर कडक टीका केली. ही सडसडीत, वेगवान शैली अठराव्या शतकाची नव्हे, आपल्याच काळाची आवड आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते बऱ्याच अंशी पटतं. जुना ट्रम्पेट म्हणून जो वाजतो, त्याच्या नळीला सूर सुधारण्यासाठी बारीक भोकं पाडलेली असतात, ती बाखच्या काळी नव्हती. चुकलेली फुंकर मुद्रणात कापून टाकता येते, ती सोयही नव्हती.

तरी एक गोष्ट जुन्या वाद्यांशिवाय ऐकू येत नाही. दुसऱ्या ब्रँडेनबर्गमध्ये बाखने ट्रम्पेट, ओबो, व्हायोलिन आणि रेकॉर्डर नावाची साधी लाकडी बासरी असे चौघे बरोबरीने बसवले आहेत. आधुनिक ट्रम्पेटपुढे बासरी बुडते, मग मुद्रकाला तिच्या तोंडाशी मायक्रोफोन न्यावा लागतो. जुन्या लांब नळीच्या ट्रम्पेटला हळू बोलता येतं. मधल्या भागात तो गप्पच असतो. शेवटचा भाग तोच एकटा सुरू करतो, मागून ओबो, मग व्हायोलिन, आणि सगळ्यांत शेवटी रेकॉर्डर येतो. त्यानंतर ट्रम्पेट परत शिरतो, तेव्हा कान रेकॉर्डरकडे ठेवा.